पंखधारी प्राण्याचे चित्र

सिंहाच्या पाठीवर दोन पंख काढले की शरभ झाला आणि सर्पाच्या अंगाला जोडले की पाश्चात्य कथांतला ड्रॅगन झाला, असा सर्वसाधारण समज असतो. भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या वसाहतीतला एखादा शाळकरी चितारी सुट्टीच्या दुपारी असा ड्रॅगन काढावयास बसतो. नखे, खवले, जबडा सारे मनासारखे उतरते; पंख मात्र गाठोड्यात खोचलेल्या विंझण्यासारखे दिसतात. तो खोडतो, पुन्हा काढतो, पुन्हा खोडतो. कागदाला भोक पडते, पण प्राणी काही उडत नाही. हाताला कला नाही असे समजून तो वही मिटतो, तेथेच मोठी चूक होते. दोष हाताचा नसून समजुतीचा आहे. पंख हा पाठीवर उगवलेला निराळा अवयव नव्हे. तो पुढचा हातच होय.

दीपनगरच्या आभाळात घिरट्या घालणारी घार, किंवा जवळच्या हतनूरच्या जलाशयावर उतरणारा बगळा, क्षणभर न्याहाळावा. खांद्यापासून निघालेला दंड मागे कोपरापर्यंत जातो, तेथून हात पुढे मनगटाकडे वळतो, आणि मनगटापलीकडे बोटांची हाडे एकमेकांत जुळून आखूड झालेली असतात. टोकाकडची लांब पिसे या पंजावर बसलेली असतात, अंगाकडची पिसे कोपर ते मनगट या भागावर. म्हणून पंखाची पुढची कड पट्टीने ओढलेली सरळ रेघ नसते.

ड्रॅगनला मात्र बहुधा पिसांचा पंख न देता वटवाघळाचा देतात. मोठ्या फळखाऊ वटवाघळाच्या पंखांचा विस्तार चार फुटांवर जातो, आणि त्याचा पंजा म्हणजे या विषयाचा उत्तम पाठ आहे. अंगठा मोकळा, नखासह. बाकीची चार बोटे विलक्षण लांबलेली आणि कातडीच्या पडद्यात गुंफलेली. छत्रीच्या काड्यांप्रमाणे ही सर्व बोटे एकाच ठिकाणाहून, मनगटापासून, फाकतात. नवशिका ती कोपरापासून किंवा मनाला येईल तेथून काढतो आणि पंख फाटक्या कनातीसारखा होतो. करंगळीपासून पडदा कुशीला आणि मागच्या पायाला जाऊन मिळतो. दोन बोटांच्या टोकांमध्ये पडद्याची कड ताणामुळे आत वळते, बाहेर फुगत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. पंख हाच हात असेल, तर गरुडाच्या मूर्तीत जोडलेले दोन हात आणि शिवाय दोन पंख, हा हिशेब कसा बसावयाचा? पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत हातपाय मिळून चारांहून अधिक अवयव निसर्गाने कोणाला दिलेले नाहीत. रविवर्म्याच्या चित्रातील जटायूला ही अडचण नाही. तो दोन पाय आणि दोन पंख असलेला पक्षीच आहे. ज्याला सहा अवयव हवेच असतील त्याने निदान दुसऱ्या खांद्याची जागा करावी. पक्ष्यांत पंख खाली ओढणारा आणि वर उचलणारा असे दोन्ही मुख्य स्नायू छातीवर असतात, आणि त्यांना धरावयास छातीच्या हाडाला नावेच्या तळासारखी कड असते. तेव्हा उडणाऱ्या प्राण्याचे बळ पाठीत न दाखविता छातीत दाखवावे. बारीक छातीच्या ड्रॅगनला कितीही मोठे पंख दिले तरी ते हलवणार कोण?

आता वजनाचा हिशेब. प्राणी सर्व बाजूंनी दुप्पट केला तर पंखाचे क्षेत्र चौपट होते, वजन मात्र आठपट. माळढोकाचा नर सुमारे पंधरा किलो भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांत तो जड गणला जातो, आणि त्याचा पंखविस्तार सुमारे सव्वादोन मीटर असतो. (महाराष्ट्राच्या माळरानांवर तो आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे, ही खंत चिताऱ्यालाही असावी.) एकशेऐंशी किलोचा सिंह उडवावयाचा तर त्याच प्रमाणाने बारापट क्षेत्र लागेल, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ आठ मीटर. महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या दरवाजांवर जे शरभ कोरलेले आहेत, त्यांतील काहींचे पंख याच्यापुढे चिमुकले दिसतात. अर्थात पाथरवटाला शरभ उडवावयाचा नव्हता, शत्रूला धाक घालावयाचा होता. अजिंठ्याच्या चिताऱ्यांनी तर ही कटकटच ठेवली नाही: सतराव्या लेण्यात इंद्र आणि अप्सरा पंखांवाचून, दुमडलेल्या पायांवर आणि मागे उडणाऱ्या वस्त्रांवर ढगांतून येतात, आणि कोणालाही शंका येत नाही.

मौज ही की, चार पाय राखून पंख मिळविण्याची युक्ती निसर्गाने एकदा केलेली आहे. पश्चिम घाटातील उडत्या सरड्याच्या काही बरगड्या लांब होऊन कुशीतून बाहेर आल्या आहेत आणि त्यांच्यावर कातडे ताणलेले आहे. लिनीयसने 1758 साली या सरड्यांच्या कुळाला ‘ड्रॅको’ हेच नाव दिले. पण त्याला पंख फडफडविता येत नाहीत. झाडावरून झाडावर तरंगत जाणे एवढेच त्याला साधते. ही युक्ती घेणाऱ्याने आपला ड्रॅगन कड्यावरून उडी घेताना काढावा, जमिनीवरून झेपावताना नव्हे.

कोणताही मार्ग घेतला तरी उघडा पंख आधी काढू नये. आधी मिटलेला काढावा. दंड अंगालगत, कोपर मागे, मनगट खांद्याजवळ, आणि तेथून बोटे शेपटीकडे गेलेली. ती बोटे जेथे संपतात तेवढीच लांबी मग उघड्या पंखात मोजून घ्यावी.