कौटुंबिक न्यायालयात वकिलाशिवाय उभे राहताना

नवऱ्याने घटस्फोटाचा दावा लावला आणि न्यायालयाची नोटीस घरी आली, की आपल्या वस्तीतील भगिनीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वकिलाला द्यायला पैसे नाहीत, आता कसं करू?" या भीतीपोटी ती तारखेलाच जात नाही. दावा एकतर्फी चालतो आणि तिचे म्हणणे न ऐकताच निकाल लागतो. हे टाळता येते. म्हणून ही माहिती प्रत्येक सभासदाजवळ असावी.

कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ सालचा आहे. त्याच्या कलम १३ प्रमाणे पक्षकाराला वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क नाही. वकील न्यायालयाच्या परवानगीने येतो. म्हणजे हे न्यायालय पक्षकाराने स्वतः बोलावे याच हेतूने निर्माण झाले. येथे आधी समेटाचा प्रयत्न होतो. समुपदेशकाकडे पाठविले तर अवश्य जावे. आपले विवाह बौद्ध पद्धतीने होत असले तरी त्यांना हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू होतो, हेही ध्यानात ठेवावे.

तयारी घरीच सुरू करावी.

१) नोटिशीवरील दावा क्रमांक व तारीख वहीत लिहून ठेवावी. दाव्याची प्रत मिळाली नसेल तर मागून घ्यावी.

२) लेखी कैफियत मुदतीत द्यावी. दाव्यातील प्रत्येक परिच्छेदाला उत्तर द्यावे. जे स्पष्ट नाकारले नाही ते कबूल धरले जाऊ शकते.

३) लग्नापासून आजपर्यंतच्या घटना तारीखवार एका कागदावर मांडाव्यात. राग नको, घटना हवी. "तो वाईट आहे" यापेक्षा कोणत्या महिन्यापासून घरखर्च बंद झाला, हे सांगणे उपयोगी.

४) लग्नपत्रिका, विवाहाचा दाखला, फोटो, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या व औषधांच्या पावत्या जमवाव्यात. मूळ कागद जपून ठेवून झेरॉक्सचे दोन-तीन संच करावेत. मोबाईलमधील संदेश पुसू नयेत.

५) दावा चालू असताना कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्चही मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानुसार दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावयाचे असते. त्यात आपलेही उत्पन्न लपवू नये.

तारखेच्या दिवशी वेळेपूर्वी पोहोचावे व पुकाऱ्याकडे लक्ष ठेवावे. उलटतपासणीत विचारले तेवढेच सांगावे. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणावे. न समजता सही करू नये. निघताना पुढची तारीख लिहून घ्यावी.

एवढे करूनही दावा अवघड वाटला तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांनाही ती मान्यता मिळाली आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे.

शिकलेल्या विद्यार्थ्यांना एकच विनंती. अशा भगिनीजवळ एक संध्याकाळ बसा, तिचे कागद तारखेप्रमाणे लावून द्या, आणि तारखेला तिच्यासोबत न्यायालयाच्या दारापर्यंत जा. बोलायचे ते ती स्वतः बोलेल.