आंबवड्याची समाधी

भोरहून मांढरदेवीच्या रस्त्याला लागले की दहा-बारा किलोमीटरवर आंबवडे येते. देवीला जाणाऱ्या गाड्या इथे सहसा थांबत नाहीत. थांबलात तर ओढ्यावरचा झुलता पूल दिसेल. भोर संस्थानाच्या काळातला हा पूल आजही पावलागणिक हलतो. खाली पाणी, दोन्ही काठांना गर्द झाडी आणि पलीकडे उतरणीवर नागेश्वराचे जुने दगडी देऊळ. भर उन्हाळ्यातही इथे गारवा असतो.

देवदर्शन झाल्यावर मी शंकराजी नारायण सचिवांच्या समाधीपाशी गेलो. खरे तर तिच्यासाठीच आलो होतो. शब्दाच्या माणसाची समाधी देवळाच्या सावलीत असणे आपल्याकडे नवे नाही. शेजारच्या सासवडला सोपानदेव आहेत, पलीकडे आळंदीला माउली. शंकराजींनी मात्र ग्रंथ लिहिला नाही. ज्या राज्याची सगळी भिस्त कागदावर आली होती, त्या राज्याचे अक्षर त्यांनी सांभाळले. माझ्या लेखी तेही लेखकाचेच काम आहे.

सचिव म्हणजे आधीचा सुरनीस. 1674 साली राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांच्या फारसी नावांना संस्कृत नावे मिळाली, तेव्हा मुजुमदाराचा अमात्य झाला, वाकनिसाचा मंत्री आणि सुरनिसाचा सचिव. काम तेच राहिले. दरबारातून निघणारे प्रत्येक पत्र त्याने वाचायचे, मजकुरात कमी-जास्त झाले असेल तर नीट करायचे आणि मग आपली खूण करायची. कारकुनाने बोरूने मोडीत लिहिलेला कागद तोवर नुसता कागदच असे. जुन्या पत्रांवर माथ्याला शिक्का दिसतो, शेवटी मोर्तब दिसते. मोर्तबाखाली कुणाला एक ओळही वाढवता येऊ नये, म्हणून ती पत्राची सीमा. या सगळ्या खुणा म्हणजे एका माणसाने दुसऱ्याच्या शब्दाची घेतलेली जबाबदारी असे. एका शब्दाच्या फेराने एखाद्याचे वतन जाई, एखाद्या गावाचा सारा बदले.

शंकराजी या पदावर आले ते 1690 साली. काळ फार वाईट होता. संभाजीराजांना मारले गेले होते, रायगड पडला होता, राजाराम महाराज शेकडो कोसांवर जिंजीला होते. इकडे रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी यांच्यावर मुलूख सोपवलेला. राजगड, तोरणा, रोहिडा हे मावळातले किल्ले परत मिळवण्यात शंकराजींचा मोठा वाटा होता. पण किल्ल्यांपेक्षा मला त्यांच्या पत्रांचे अधिक वाटते. मोगल देशमुखांना वतनाची लालूच दाखवून ओढत होते, खजिना रिकामा होता. तेव्हा मावळातल्या देशमुखांना धरून ठेवायला हातात काय होते? दिलेला शब्द आणि तो नोंदवणारा कागद. उद्या राज्य उभे राहील, तेव्हा हा कागद खरा ठरेल, या भरवशावर माणसे लढली.

आंबवड्यात आणखी दोन समाध्या आहेत, कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या. जिवा महालाची गोष्ट पोराटोरांना पाठ असते. कान्होजींची गोष्ट कागदापासून सुरू होते. 1659 च्या जूनमध्ये आदिलशहाचे फर्मान त्यांना आले की अफझलखानाला जाऊन मिळा. कान्होजी ते फर्मान आणि पाच मुलगे घेऊन शिवाजीराजांपुढे उभे राहिले आणि आपल्या वतनावर पाणी सोडले. जेध्यांचे कारी गाव इथून जवळच. त्याच घराण्याच्या दप्तरातली जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी 1916 साली प्रसिद्ध केली. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 ही तिथी अभ्यासकांपुढे आली ती तिच्यातून. साल, महिना, तिथी आणि घडलेली गोष्ट, एवढेच त्यात आहे. अशा नोंदी ठेवणाऱ्याचा चौथरा कुठेच नाही, म्हणून इथे आल्यावर त्याचीही आठवण मी काढतो.

आता 1707 साल. औरंगजेब मेला, संभाजीराजांचे पुत्र शाहूराजे मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत आले. राजाराम महाराजांच्या मागे राज्य चालवणाऱ्या त्यांच्या राणी ताराबाईंनी सरदार-प्रधानांकडून दूधभाताच्या शपथा घेतल्या होत्या की त्यांच्या मुलाशी, शिवाजीशी, एकनिष्ठ राहू. शंकराजींनीही शपथ घेतली. ऑक्टोबरात खेडला दोन्ही बाजूंची लढाई झाली, ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि शाहूराजे मावळाकडे वळले. त्यांनी शंकराजींना भेटीला बोलावले.

जायचे तर शपथ मोडते. न जावे तर संभाजीराजांच्या मुलावर, धन्याच्या थेट वंशावर, शस्त्र उचलावे लागते. कान्होजींसमोरचे फर्मान परक्याचे होते, ते नाकारता आले. शंकराजींसमोरची दोन्ही माणसे आपली होती. आयुष्यभर इतरांचे शब्द तपासलेल्या माणसाला स्वतःचा शब्द कुठल्या बाजूने शुद्ध करावा हे कळेना. त्यांनी याच आंबवड्यात देह ठेवला. कोणी जलसमाधी सांगतात, कोणी हिरकणी खाल्ल्याचे सांगतात. मी वाद घालत नाही. दोन्ही कथांमध्ये कारण एकच आहे, दिलेला शब्द.

शंकराजींबरोबर राज्य राखणाऱ्या रामचंद्रपंतांचे नाव पुढे आज्ञापत्राने अजरामर केले. त्यांची समाधी पन्हाळ्यावर आहे, तिथे पर्यटक जातात. इकडे समाधीपुढे मी तासभर होतो, दुसरे कोणी आले नाही. मावळात आपण गडांवर चढतो, तटावर उभे राहून फोटो काढतो, आणि ते करावेच. पण राजगड-तोरणा करून पुण्याला परतणाऱ्यांनी एखादा दिवस आंबवड्यासाठी राखावा, असे मला मनापासून वाटते.

शंकराजी गेल्यावर शाहूराजांनी त्यांच्या घराण्यावर राग धरला नाही. सचिवपदाची वस्त्रे त्यांनी शंकराजींच्या तान्ह्या मुलाला, नारो शंकरला, दिली. त्या पदासोबतचा हा मुलूख 1948 साली भोर संस्थान विलीन होईपर्यंत पंतसचिवांच्या घराण्याकडे राहिला. वस्त्रे मिळाली त्या दिवशी मात्र ज्याला अजून अक्षर म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, तो मराठी राज्याच्या पत्रांचा राखणदार झाला होता.