बारा नगांसाठी डाय कशाला? मेटल स्पिनिंगची ओळख

"साहेब, आम्हाला दहा-बारा नगच हवेत, मग काय करायचं?" हा प्रश्न मला वरचेवर येतो. उत्तर आहे मेटल स्पिनिंग.

मी ईएमईमध्ये होतो, आता नोएडात राहतो. शेजारच्या मुलाला हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रासाठी ॲल्युमिनियमची बारा नरसाळी हवी होती. प्रेसवर काढायची तर आधी पोलादी डाय बनवा. बारा नगांसाठी तो खर्च कोण करणार? म्हणून त्याला घेऊन दिल्लीच्या वजीरपूरला गेलो. स्टीलच्या पत्र्याची आणि भांड्यांची ही जुनी वस्ती.

पुण्याच्या तांबट आळीत पत्रा ठोकून भांडं घडवतात. इथे ठोकाठोक नाही. लेथवर लाकडी साचा, त्यावर दाबून बसवलेली गोल चकती, दोन्ही एकत्र फिरतात. कारागीर लांब दांड्याचं हत्यार बगलेत धरून, अंगाचा भार टाकत पत्रा हळूहळू साच्यावर बसवत नेतो. घाई केली की कडेला सुरकुत्या पडतात. हातात मोजे नव्हते. मला तो निष्काळजीपणा वाटला, पण फिरत्या चकतीत मोजा अडकला तर हातच ओढला जातो. आणि बघणाऱ्याने चकतीच्या रेषेत कधीही उभं राहू नये; सुटली तर ती बाजूलाच उडते.

चूक माझी झाली. मजबूत हवं म्हणून मी 6061-T6 घेऊन गेलो. दुसऱ्याच फेरीत चकती तडकली. उस्ताद हसून म्हणाले, "साहब, नरम माल लाइए." मग 1100 जातीचा मऊ पत्रा आणला. काम करता करता तोही कठीण होतो. तेव्हा साबण चोळून तापवायचा. साबण काळा पडला की आच बंद.

या साध्या स्पिनिंगमध्ये जाडी साधारण तेवढीच राहते. शिअर फॉर्मिंग वेगळं. तिथे रोलर पत्रा मुद्दाम पातळ करतो. शंकूचा अर्धा कोन 30 अंश असेल तर 3 मिलिमीटरचा पत्रा दीड मिलिमीटर उरतो, कारण मूळ जाडीला कोनाच्या साइनने गुणायचं. याचाच भाऊबंद फ्लो फॉर्मिंग. रॉकेट मोटारच्या बिनजोड नळ्या त्याने करतात.

पहिलं नरसाळं आरशासारखं चकचकीत निघालं. मुलगा खूश. मी म्हटलं, उभं काप. त्याचा चेहरा पडला, पण कापलं. मूळ पत्रा 2 मिलिमीटर, तळाच्या वळणावर उरला 1.3. पंखा नेमका तिथेच बसणार होता; थरथरीने काही महिन्यांत तडा गेला असता. साच्याचा कोपरा फार टोकदार होता. उस्तादांनी तो घासून गोल केला, दुसरा नग कापला तर 1.7 भरला. मग त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, बाकीचे संध्याकाळी घेऊन जा.