‘एक सुई मारा’ म्हणण्याआधी

नांदेड-लातूरकडे गुडघा सुजला की वाक्य ठरलेलं असतं, ‘डॉक्टर, एक सुई मारा.’ सुईशिवाय गुण येत नाही, ही समजूत पक्की. हिमोफिलियाच्या मुलाला मात्र कमरेत दिलेली तीच सुई नवं दुखणं देते. या आनुवंशिक आजारात रक्त गोठवणारा आठवा किंवा नववा फॅक्टर कमी असतो. स्नायूत टोचलं की आत रक्त साचून गाठ होते. पण म्हणून सगळ्याच सुया वाईट नाहीत. फॅक्टरसुद्धा सुईनंच देतात, शिरेतून. लसही चुकवू नये. बारीक सुईनं, जमेल ती कातडीखाली घ्यावी आणि जागा दहा मिनिटं दाबून धरावी.

‘दुखण्याची गोळी, कुठलीही चालते’ हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो. पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन प्लेटलेट्सचं काम बिघडवतात. अ‍ॅस्पिरिनचा परिणाम आठवडाभर टिकतो. त्यात मेडिकलवर मिळणाऱ्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन असतंच. कापून दिलेल्या दोन गोळ्यांवर ते वाचता येत नाही. अख्खी पट्टी मागून घ्या, दुकानदार कुरकुरला तरी.

‘मामाच्या पोरीशी लग्न केलं म्हणून झालं,’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. या आजाराचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला तो आईकडून येतो, लग्न नात्यात असो वा नसो. सुमारे एकतृतीयांश घरांत तर आधी कुणालाच नसतो. आईला बोल लावणाऱ्यांना हे सांगा.

तिला आधीच धास्ती असते. खरचटलं तरी जीव जाईल, म्हणून ती पोराला खेळू देत नाही. वास्तविक रक्त जोरात नाही, जास्त वेळ वाहतं, आणि पोहण्यानं सांध्यांभोवतीचे स्नायू बळकट होतात. ही धास्ती झोप उडवू लागली तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत फुकट बोलता येतं. रुग्णाला स्वतःला चिंतेसाठी औषध लागलंच, तर मानसोपचारतज्ज्ञाला हिमोफिलिया आधी सांगावा. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते. त्या वर्ज्य नाहीत, आणि चालू असलेली गोळी मनानं एकदम तोडूही नये.

आणि पोरगं ‘गुडघ्यात मुंग्या येतात’ म्हणालं, तर ‘घाबरलाय’ म्हणून सोडू नका. सांध्यात रक्त उतरायला लागल्याची ती पहिली खूण असू शकते. डोक्याला मार लागला, तर आधी फॅक्टर, मग सीटी स्कॅन.