एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?

पाककृतीत 'दोन वाट्या रवा, एक वाटी साखर' असे लिहिलेले असते. दुकानात मात्र रवा आणि साखर किलोवर मिळतात. मग एक वाटी म्हणजे नेमके किती ग्रॅम? प्रश्न साधा, पण त्याला एकच उत्तर नाही. असे का, ते पाहू.

वाटीने आपण आकारमान मोजतो आणि तराजूने वस्तुमान. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे घनता. आकारमानाला घनतेने गुणले की वस्तुमान मिळते. पाण्याची घनता दर मिलिलिटरला सुमारे १ ग्रॅम आहे; म्हणून २०० मिलिलिटरच्या वाटीत २०० ग्रॅम पाणी मावते. गोडेतेलाची घनता सुमारे ०.९२ असल्यामुळे त्याच वाटीत तेल मात्र १८४ ग्रॅमच भरते.

आता साखर घ्या. साखरेच्या स्फटिकाची घनता सुमारे १.५९ आहे. या हिशेबाने वाटीभर साखर ३१८ ग्रॅम भरायला हवी. प्रत्यक्षात ती भरते १७० ग्रॅमच्या आसपास! मग गणित कोठे चुकले? गणित चुकले नाही; आपण हवेला विसरलो. दाण्यादाण्यांमधील फटींत हवा असते आणि वाटीची जवळजवळ निम्मी जागा तीच अडवते.

खात्री करून घ्यायची आहे? एका भांड्यात काठाबरोबर २०० मिलिलिटर तांदूळ भरा. मोजपात्रातून त्यावर हळूहळू पाणी ओता. भांडे न सांडता ८० मिलिलिटरच्या आसपास पाणी आत मावेल. प्रयोग झटपट करा, कारण तांदूळ पाणी शोषू लागतो.

कणकेची गोष्ट आणखी गमतीची. चाळून अलगद भरलेली आणि दाबून भरलेली वाटी यांच्या वजनांत वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक सहज पडतो. पीठ तेच, वाटी तीच. बदलली ती फक्त हवा. म्हणूनच छापील कोष्टकातील आकडे केवळ अंदाजाचे समजावेत.

त्यापेक्षा आपल्या घरचे कोष्टक आपणच करावे. त्यासाठी तराजूही लागत नाही. अर्ध्या किलोचे पुडके सपाट वाट्यांनी मोजा. समजा, साखर तीन वाट्या भरली. तर ५०० भागिले ३, म्हणजे तुमच्या एका वाटीत सुमारे १६७ ग्रॅम साखर मावते.

शिऱ्यात साखर थोडी जास्त पडली, तर फारसे बिघडत नाही. पण जुलाब होणाऱ्या रुग्णासाठी घरी केलेल्या साखर-मिठाच्या पाण्याचे तसे नाही. १ लिटर स्वच्छ पाण्यात ५ मिलिलिटरच्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, असे त्याचे प्रमाण आहे. 'सपाट' हा शब्द येथे फार महत्त्वाचा आहे. शीग लावून चमचा भरला तर मीठ कितीतरी वाढते आणि जास्त मीठ लहान मुलाला अपायकारक ठरते. म्हणून तयार पुडी मिळत असेल तर तीच वापरावी. तिच्यातील घटक वजनाने मोजलेले असतात.

जाता जाता एक प्रश्न: एक सपाट चमचा जाडे मीठ आणि एक सपाट चमचा बारीक मीठ, यांत वजनाने जास्त कोणते? आधी तर्क करा, मग शाळेच्या प्रयोगशाळेतील तराजूवर पडताळून पाहा.