बी.एस्सी. गणित : वर्गाबाहेरची तीस वर्षे

१९२७ साली फर्ग्युसन महाविद्यालयात शिकणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. ते परीक्षेतल्या गुणांसाठी नव्हते, स्वतः केलेल्या गणितासाठी होते. पुढे देवळालीच्या शाळेत मास्तरकी करत त्यांनी ६१७४ या संख्येचा शोध लावला, तो सगळ्यांना माहीत आहे. पदवीच्या वयातला मुलगा स्वतःचे गणित करू शकतो, एवढा विश्वास पुण्यात तेव्हाही होता. नंतरच्या कित्येक दशकांत मात्र हा विश्वास पातळ होत गेला. बी.एस्सी. गणित म्हणजे सिद्धता पाठ करणे, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवणे आणि प्रात्यक्षिकाचे जर्नल सही करून घेणे, असे समीकरण बसले. हुशार विद्यार्थ्याला नव्वदच्या वर गुण मिळत, पण गणित करणारा माणूस त्याला कधी भेटतच नसे.

या कोंडीला फटी पडत गेल्या त्या गेल्या तीसेक वर्षांत. त्याआधीची दोन कामे मात्र विसरता येणार नाहीत. पर्ड्यू विद्यापीठातले नावाजलेले गणिती श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभे केले. एरंडवण्यातल्या त्या वास्तूत शाळकरी ऑलिंपियाडवाल्यांपासून पीएच.डी. करणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना जागा मिळाली. १९८३ मध्ये अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली राष्ट्रीय उच्च गणित मंडळ आले आणि गणितासाठी स्वतंत्र पैसा उपलब्ध झाला. पुढच्या काही महत्त्वाच्या उपक्रमांना याच मंडळाच्या अनुदानाचा आधार मिळाला.

खरा बदल घडवला तो १९९३ मध्ये सुरू झालेल्या एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) शिबिराने. प्रा. एस. कुमारेसन यांनी ते सुरू केले, तेव्हा ते मुंबई विद्यापीठात होते. उन्हाळ्यात चार आठवडे, देशभरातून निवडलेली मुले एका ठिकाणी. राहणे-जेवणे फुकट असे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी एक स्तर, शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी दुसरा, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षासाठी तिसरा. परीक्षा नाही.

या शिबिराला जाऊन आलेले विद्यार्थी वर्गात ओळखू येतात. तिथे काय घडते, त्याचा एक नमुना सांगतो. शिकवणारा विचारतो, कंटिन्युअस फंक्शन म्हणजे काय? कोणीतरी लगेच म्हणते, पेन न उचलता आलेख काढता येतो ते. मग फळ्यावर १/x लिहिले जाते. शून्य सोडून सगळ्या वास्तव संख्यांवर ते कंटिन्युअस आहे का? वर्ग एकमुखाने ‘नाही’ म्हणतो, कारण पेन तर उचलावे लागते. ‘ठीक आहे, मग कोणत्या बिंदूपाशी नाही ते दाखव.’ मुलगा शून्याकडे बोट दाखवतो. पण शून्य तर प्रांतातच नाही. मग तिथे कंटिन्युअस आहे की नाही, हा प्रश्नच कसा उद्भवतो? अर्धा तास वाद चालतो. व्याख्या पुन्हा वाचली जाते, या वेळी एकेक शब्द तपासत, आणि शेवटी मुलांनाच कळते की ते फंक्शन आपल्या प्रांतातल्या प्रत्येक बिंदूपाशी कंटिन्युअस आहे. व्याख्या त्यांना पाठ होती. ती वापरायची असते, हे त्या अर्ध्या तासात कळले. चार आठवडे रोज असेच चालते. चुकीचे उत्तर मोठ्याने देण्याची भीती एकदा गेली की ती सहसा परत येत नाही.

नांदेड, जळगाव, कोल्हापूरच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना आणखी एक लाभ झाला. घरापासून महिनाभर दूर राहणे, हिंदी-इंग्रजीत गणितावर भांडणे, रात्री वसतिगृहात बंगालच्या किंवा केरळच्या मुलाबरोबर तेच गणित पुन्हा सोडवणे. मुलींच्या बाबतीत तर घरून परवानगी मिळवणे हीच पहिली पायरी असे. ‘सरकारचा खर्च आहे, सरांनी पत्र दिले आहे’ एवढ्या दोन वाक्यांवर अनेकींचे दार उघडले.

दुसरा मोठा टप्पा २०१० चा. पुण्याचे स. प. महाविद्यालय आणि मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र यांनी मिळून माधव गणित स्पर्धा सुरू केली. चौदाव्या शतकातल्या केरळच्या संगमग्रामच्या माधव या गणितीचे नाव तिला दिले, हे मला फार योग्य वाटते. शाळकरी मुलांना ऑलिंपियाड होते, भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडला जात होता. पण कॉलेजात आले की त्या मुलांसाठी काहीच नसे. माधव स्पर्धेने ती जागा भरली. महाराष्ट्रात सुरू झालेली ही स्पर्धा पुढे देशभर पसरली.

तिची गंमत प्रश्नांत आहे. त्या धर्तीचा एक साधा प्रश्न पाहा. सहगुणक पूर्णांक असलेली अशी बहुपदी असू शकेल का, जिच्यात १ घातला की २ मिळतील आणि ३ घातले की ५? विद्यापीठाच्या परीक्षेला सरावलेला विद्यार्थी सहगुणक शोधायला बसतो आणि दोन पाने भरतो. खरे तर एवढेच पाहायचे असते की अशा बहुपदीच्या दोन किमतींतला फरक हा घातलेल्या संख्यांतल्या फरकाने भागला गेलाच पाहिजे. ५ वजा २ म्हणजे ३, आणि ३ वजा १ म्हणजे २. दोनाने तीनला भाग जात नाही, म्हणून अशी बहुपदी नाही. शाळेतले गणित, दोन ओळींचे उत्तर. पण सूत्र कोणते वापरायचे हे प्रश्नात लिहिलेले नसते, आणि नेमकी तीच सवय आमच्या अभ्यासक्रमाने कधी लावली नव्हती.

याच काळात आणखी बरेच आले. २००६ मध्ये पुण्यात आयसर, २००७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारात सीईबीएस हे मूलभूत विज्ञानांचे केंद्र, २००८ मध्ये इन्स्पायर शिष्यवृत्ती. अभ्यासक्रमात आधी सायलॅब हे गणिती सॉफ्टवेअर, मग पायथन शिरले. २०१२ पासून २२ डिसेंबर, म्हणजे रामानुजनांचा जन्मदिवस, राष्ट्रीय गणित दिवस म्हणून साजरा होऊ लागला. कॉलेजांत पोस्टर लागतात, रांगोळ्या निघतात, पाहुण्यांचे भाषण होते. त्या दिवशी एखादे अवघड गणित फळ्यावर लिहून आठवडाभर तसेच ठेवावे, एवढे जरी केले तरी तो दिवस कामी येईल. आयआयटीच्या जॅम परीक्षेने मुलांसमोर एम.एस्सी.चे मोठे दार उघडले, तसेच खासगी शिकवण्यांचेही. पर्याय चटकन बाद करण्याच्या युक्त्या तिथे जोरात शिकवल्या जातात. ज्या पाठांतरातून आपण बाहेर पडत होतो, तेच नव्या वेषात परत येताना दिसते.

या सगळ्या संधींचे एक वैशिष्ट्य आहे. शिबिर असो वा स्पर्धा, जाहिरात नोटीस बोर्डावर लावणारा, अर्ज तपासणारा, शिफारसपत्र लिहिणारा आणि ‘तू जा’ म्हणणारा एक शिक्षक लागतो. महाराष्ट्रात ज्या कॉलेजांतून वर्षानुवर्षे मुले एमटीटीएसला गेली, तिथे चौकशी केली की असा एखादा माणूस सापडतोच. बहुतेकदा तो स्वतः कधीतरी अशा शिबिरात बसलेला असतो. आता नव्या शैक्षणिक धोरणात चौथे वर्ष आणि त्यात संशोधन प्रकल्प आला आहे. कापरेकरांना मिळालेल्या त्या पारितोषिकामागची कल्पना कागदावर तरी सगळ्यांसाठी खुली झाली. पण तालुक्याच्या कॉलेजात गणिताच्या जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या गावी शिकवतो. त्याला विद्यार्थ्याबरोबर बसून एका प्रश्नावर अर्धा तास वाद घालायला वेळ कुठून मिळणार? अनुदान आहे, शिबिरे आहेत, स्पर्धा आहे. पण शिक्षकांच्या त्या रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत तोवर चौथ्या वर्षाचा प्रकल्प म्हणजे इंटरनेटवरून उतरवलेली चाळीस पाने आणि त्यावर एक सही, एवढाच उरेल.