संपावरची साय

आमच्या घरात गेली तीन वर्षे संप चालू आहे. वाचकहो, दचकू नका! माशांच्या काचपेटीखाली, कपाटात दडवलेली जी दुसरी लहान पेटी असते, तिला या नादातले लोक संप म्हणतात. वरच्या पेटीतले पाणी काठावरून ओघळून तीत उतरते, गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. माझ्या सासूबाईंनी गिरणगावात १९८२ सालचा संप पाहिलेला. हा शब्द प्रथम कानावर पडला तेव्हा त्यांनी विचारले, "आणि हा मिटायचा कधी?"

हौस माझी नव्हे, चिरंजीवांची. गेल्या वर्षी जूनमध्ये ते शिकायला नागपूरला गेले आणि तात्या व नाना हे दोन सोनमासे माझ्या हवाली करून गेले. दर रविवारी फोन यायचा. माझी प्रकृती दुसऱ्या प्रश्नात. पहिला प्रश्न तात्या-नानांचा.

वरची पेटी आरशासारखी लख्ख होती. पाहुणे तोंडभर स्तुती करीत. खालचे दार मात्र मी कुणापुढे उघडत नसे. संपाच्या पहिल्या खणात पाण्यावर पिवळट, तेलकट कवच धरले होते. बोटाने ढकलले तर त्याला सुरकुत्या पडत. एका दुकानदाराने औषधाची बाटली दिली. बाटली संपली, कवच राहिले.

त्यातच मी एक शहाणपणा केला. रात्री पाणी पडण्याचा आवाज झोप लागू देईना, म्हणून पंप अर्ध्या वेगावर आणला आणि वर परतणाऱ्या नळीचे तोंड पाण्याखाली बुडवले. घर कसे शांत झाले! भाद्रपदातल्या उकाड्यात एके पहाटे उठून पाहतो, तो वरच्या पाण्यावरही तसाच पापुद्रा आणि दोघेही तोंड वर काढून धापा टाकताहेत. आठच्या सुमारास नाना गेला.

रविवारी फोन आला. "दोघे कसे आहेत?"

"मजेत," मी म्हणालो.

मग मात्र मी वाचायला बसलो. माशांच्या खाद्यातले तेल, त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव, विष्ठेतली प्रथिने, यांतल्या पुष्कळ रेणूंचे एक टोक पाण्याला धरून राहते आणि दुसरे पाण्यापासून दूर पळते. म्हणून ते पृष्ठभागावर दाटी करतात, आणि त्यावर जिवाणू वस्ती करतात. तीस अंश उष्णतेच्या पाण्यात, हवेतून शिरून, लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तोही शिरतो पृष्ठभागातूनच. मी ते दार लावून घेतले होते, आणि पाणी हलणेही बंद केले होते.

खालच्या खणाचे कोडे सुटले ते सौभाग्यवतींमुळे. ती कपाटात डोकावली आणि म्हणाली, "अहो, ही साय आहे. साय वरून काढतात, आणि तुमचे पाणी तर खालून जाते!"

खरेच की! पहिल्या खणातून पुढे जायची वाट काचेच्या खालून होती. पाणी जाई, साय तिथेच साठे. या शास्त्राचा एक मोठा धडा स्वयंपाकघरातच लिहिला गेला आहे. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी घरकाम करणाऱ्या आग्नेस पोकेल्स या बाईंनी पाण्यावरच्या अशाच तवंगांचे प्रयोग घरच्या घरी, स्वतः बनवलेल्या उपकरणावर केले. त्यांचे पत्र लॉर्ड रॅले यांनी १८९१ साली 'नेचर'मध्ये छापवले. हे मी घरी सांगितले ही चूक झाली. आता दर भांडी घासण्याच्या वेळी ऐकावे लागते.

तात्याला हवेच्या पंपासह टबात ठेवले. काचवाल्याकडून ती काच काढून, तळाला टेकेल अशी ठेंगणी काच सिलिकोनने बसवून घेतली. सिलिकोन पुरते वाळेपर्यंत धीर धरावा लागतो. आता पाणी काचेवरून ओसंडते, साय बरोबर नेते, आणि खाली पॉलिस्टरच्या कापसावर आदळून ती फुटते, अडकते. कापूस चौथ्या दिवशी बदलायचा. नाही तर तोच सडून नवी साय देतो. वीज गेली की वरचे थोडे पाणी खाली येते, तेवढी जागा संपात रिकामी हवीच. उरलासुरला तवंग मी टीपकागद अलगद टेकवून उचलतो. नळीचे तोंड पुन्हा वर केले आहे. आवाज येतो. येऊ दे.

खाद्यही निम्म्यावर आणले, आणि डोक्याला तेल लावलेल्या हाताने पेटीत हात घालणे सोडले. फोडणीची वाफही तवंग धरते, म्हणून गेल्या दिवाळीत चकल्या तळताना हिने पेटीचे झाकण आठवणीने लावले आणि खिडक्या उघडल्या.

धनत्रयोदशीला चिरंजीव आले. बॅगही न ठेवता कपाटापुढे गुडघ्यांवर बसले. "बाबा, ही काच बदललीत? छान केलेत!" मग ते उभे राहिले, वरच्या पेटीत पाहू लागले, आणि पाहतच राहिले.

मी चकल्यांची बशी खाली ठेवली आणि भाद्रपदातली ती पहाट त्यांना पहिल्यापासून सांगायला बसलो.